वऱ्हाडच्या तळ्यावरची आई

वऱ्हाडचा इतिहास सांगू लागले की प्रथम कापूस येतो, मग किल्ले येतात, मग तह येतात. अचलपूरची इमादशाही, १५९६ मध्ये मोगलांकडे गेलेला सुभा, १८०३ मध्ये इंग्रजांनी घेतलेला गाविलगड, १८५३ च्या तहाने निजामाकडून कंपनीच्या ताब्यात आलेला मुलूख आणि पुढे अमरावती व खामगाव येथे उभ्या राहिलेल्या कापसाच्या बाजारपेठा, असा हा क्रम शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. या इतिहासात पाखरांना जागा नाही असे म्हणता येणार नाही. साहेबी अमदानीत जे जिल्हावार ग्रंथ निघाले, म्हणजे आल्फ्रेड लायल यांचा १८७० चा वऱ्हाडविषयक ग्रंथ, १९१० चा अकोला जिल्ह्याचा आणि १९११ चा अमरावती जिल्ह्याचा, त्या परंपरेत रानातील जीवांची दखल घेण्याचा प्रघात होता. परंतु ती दखल बहुधा शिकाऱ्याच्या दृष्टीने घेतलेली असे. कोठे काय मिळते आणि कोणत्या महिन्यात मिळते, एवढेच तिचे प्रयोजन.

त्यामुळे एक मोठी विसंगती घडून आली. आपल्या तळ्यांवर बारा महिने राहणारे, येथेच घरटे करणारे आणि येथेच पिले वाढवणारे एक रानबदक आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्याची मादी सात-आठ पिलांचा तांडा घेऊन काठाच्या गवतातून पाण्यात उतरते. हे दृश्य वऱ्हाडातील गुराख्याने, भोयाने आणि धुणे धुणाऱ्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या पाहिलेले आहे. तरीही लिहिलेल्या इतिहासात ही आई जवळजवळ दिसत नाही. दिसते ते हिवाळ्यात उडणारे, आणि मग खाली पडलेले बदक. असे का झाले असावे, याचा शोध घेतला तर पक्ष्यापेक्षा पाहणाऱ्या माणसाविषयीच अधिक काही हाती लागते. त्या शोधासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम या पक्ष्याची ओळख करून घेऊ. मराठीत त्याला हळदी-कुंकू बदक म्हणतात, आणि इतके समर्पक नाव क्वचितच एखाद्या पाखराला लाभले असेल. त्याची चोच काळी. तिच्या टोकाला हळदीसारखा पिवळा ठिपका आणि मुळाशी, कपाळाला लागून, कुंकवासारखे दोन तांबडे ठिपके. अंगावर करड्या-तपकिरी खवल्यांची नक्षी, पंखात हिरवा चकाकणारा पट्टा, पाय प्रवाळासारखे लाल. आकाराने ते गावठी बदकाएवढे असते. नर आणि मादी दिसायला जवळपास सारखीच. म्हणून दुरून पाहणाऱ्याला जोडीतील आई कोणती हे कळते ते पिले पाठीशी आल्यावरच.

वऱ्हाडच्या पाण्यावर हिवाळ्यात इतरही अनेक बदके दिसतात. तलवार बदक, थापट्या, लालसरी, चक्रवाक ही सारी पाहुणी मंडळी. हिमालयापलीकडून आणि मध्य आशियातून ती कार्तिकाच्या सुमारास येतात आणि फाल्गुन सरता सरता परततात. त्यांचे घरटे, त्यांची अंडी, त्यांची पिले यांतले काहीही आपल्या दृष्टीस पडत नाही. आपल्याकडे ती केवळ पोट भरायला येतात. हळदी-कुंकू बदकाचे तसे नाही. त्याचे सासर-माहेर दोन्ही येथेच.

आता साहेबी अमदानीतील अंमलदाराचे वर्ष डोळ्यांपुढे आणावे. वऱ्हाडची काळी माती पावसात अशी चिकट होते की बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुतते. पक्क्या सडका थोड्या. पावसाळ्यात गावोगावचा संपर्क तुटलेला. त्यामुळे अंमलदाराची फिरती सुरू होई ती दिवाळीनंतर, वाटा वाळल्यावर. तंबू, घोडे, नोकरचाकर आणि बंदुका असा लवाजमा गावोगाव फिरे. तलावाकाठी मुक्काम पडे. त्या वेळी पाण्यावर पाहुण्या बदकांचे थवे उतरलेले असत, आणि साहेबाच्या वहीत त्यांचीच नोंद होई. हळदी-कुंकू बदकाची पिले तोवर मोठी होऊन उडू लागलेली, इतरांत मिसळून गेलेली. म्हणजे ज्या तीन महिन्यांत ही आई आपले सारे आयुष्य पणाला लावते, नेमक्या त्याच तीन महिन्यांत लिहिता येणारा माणूस तळ्याकाठी नव्हता. होता तो गुराखी, आणि त्याच्या हाती लेखणी नव्हती. इतिहासातील ही उणीव कोणा एकाच्या दुष्टाव्याने घडली नाही. ती ऋतूने आणि रस्त्याने घडवली.

याचा अर्थ पूर्वी कोणी पाखरांकडे बारकाईने पाहिलेच नाही असा नव्हे. अकबराच्या दरबारात अबुल फजल याने लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन आहे, आणि त्याच ग्रंथात पाणपाखरे धरण्याची एक विलक्षण युक्तीही सांगितली आहे. पाणपाखराचे कातडे चोच-पंखांसह तयार करावयाचे, त्याला पाहण्यासाठी छिद्रे ठेवावयाची, ते डोक्यावर चढवून मानेपर्यंत पाण्यात शिरावयाचे आणि थव्यात मिसळून एकेक पक्षी खाली ओढून घ्यावयाचा. ज्याने ही युक्ती काढली त्याला बदकांचा स्वभाव पुरता ठाऊक असला पाहिजे. केवळ ते ज्ञान मारण्यासाठी मिळवलेले होते.

अकबराचा मुलगा जहांगीर हाही मोठा शिकारी. बाळापुरासारख्या वऱ्हाडातील ठाण्यांवरून त्याचे सरदार मलिक अंबराशी झुंजत होते. परंतु याच बादशहाने आपल्या आत्मचरित्रात पाळलेल्या सारस पक्ष्यांच्या एका जोडीची हकीकत लिहून ठेवली आहे. लैला आणि मजनू अशी त्यांची नावे. १६१८ च्या सुमारास गुजरातेतील मुक्कामात या जोडीने घरटे केले, अंडी घातली, नर-मादीने पाळीपाळीने ती उबवली आणि पिले बाहेर आली. ही सारी हकीकत त्याने ज्या तपशिलाने नोंदवली आहे, त्याचे आजच्या पक्षिशास्त्रज्ञांनाही कौतुक वाटते. ज्याच्या हातून सहस्रावधी जनावरे पडली, त्यालाही अंड्यावर बसलेल्या पक्ष्यासमोर हात आवरून बसावे लागले, आणि म्हणूनच त्याला लिहिण्याजोगे काही दिसले.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील पक्ष्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू झाला तो ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्या उद्योगाने. राष्ट्रीय सभेचे एक संस्थापक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यापूर्वीच पक्षिशास्त्रात त्यांचे नाव झाले होते. हिंदुस्थानातील पक्ष्यांच्या घरट्यांवर आणि अंड्यांवर त्यांनी १८७३ पासून ग्रंथ प्रसिद्ध केला. मार्शल यांच्यासह शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंड १८७९ ते १८८१ या काळात काढले. १८८५ मध्ये त्यांनी आपला संग्रह लंडनच्या संग्रहालयाला दिला तेव्हा त्यात पक्ष्यांची कातडी आणि अंडी मिळून ८० हजारांहून अधिक नमुने होते. या परिश्रमाचे मोल कमी लेखू नये. कोणता पक्षी कोणत्या महिन्यात अंडी घालतो, किती घालतो, घरटे कशाचे करतो, हे आपल्याला प्रथम अशाच नोंदींतून कळले. परंतु अंडी गोळा करणाऱ्याच्या ज्ञानाला एक मर्यादा असते. तो अंडे उचलतो तेथेच त्या घराची गोष्ट संपते. अंड्यांची संख्या वहीत येते. आईने पुढे काय केले असते, ते मात्र कोणत्याच वहीत येत नाही.

ही मर्यादा ओलांडण्याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले. १९३० मध्ये सालिम अली अलिबागजवळच्या किहीम येथे राहत होते. हाती नोकरी नव्हती. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळाभर त्यांनी शिडीवर आडोसा करून घरट्यांजवळ बैठक मारली आणि रोज दिसेल ते टिपून ठेवले. सुगरणीचा नर घरटे अर्धवट विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर त्यात संसार मांडते, आणि मग नर दुसरे घरटे विणून दुसऱ्या मादीची वाट पाहतो, ही सारी रीत त्यातून उलगडली. या निरीक्षणासाठी लागले ते एवढेच: एक शिडी, एक वही आणि पावसात बसून राहण्याची तयारी. डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी पुढे जो दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, त्याचा पहिला खंड १९६८ मध्ये आला. बदकांच्या कुळाची माहिती त्या पहिल्या खंडातच आहे.

मग पावसाळ्यात तळ्याकाठी बसणाऱ्याला हळदी-कुंकू बदकाच्या घरी काय दिसते?

आषाढात तळे भरू लागले, काठाचे गवत हातभर वाढले की मादी पाण्यालगतच्या दाट गवतात खळगा करते. गवत, पाणवनस्पतींची पाने आणि आपल्याच छातीची मऊ पिसे एवढेच तिचे सामान. ती रोज एक याप्रमाणे सात ते नऊ, क्वचित अधिक अंडी घालते. पण पहिले अंडे घातले म्हणून लगेच उबवायला बसत नाही. सारी अंडी झाल्यावरच ती ठाण मांडते. यातले मर्म असे की आठ दिवसांच्या अंतराने घातलेली अंडी साधारण एकाच दिवशी फुटतात. थोरले-धाकटे असा भेद राहत नाही, आणि एकाला घेऊन जायचे तर दुसऱ्याला मागे ठेवायचे, असा प्रसंग आईवर येत नाही. सुमारे चोवीस दिवस ती एकटीच उबवते. चाऱ्यासाठी उठावे लागले तर अंडी पिसांनी आणि गवताने झाकून जाते, म्हणजे ऊब टिकते आणि कावळ्याच्या नजरेलाही ती पडत नाहीत.

कावळ्या-चिमण्यांची पिले उघडी, आंधळी, असहाय जन्मतात. बदकाच्या पिलाचे तसे नसते. ते अंड्यातून बाहेर येते ते डोळे उघडे आणि अंगावर पिवळी-तपकिरी लव घेऊनच. अंग वाळले की ते चालू लागते आणि दिवसभरात आईमागे पाण्यात उतरते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ही आई पिलांच्या चोचीत घास घालत नाही. ती त्यांना जेथे घास आहे तेथे घेऊन जाते. उथळ पाण्यात, गवताच्या मुळांशी किडे-अळ्या भरपूर असतात. पिले ते स्वतः टिपतात. आई मध्ये उभी राहून चौफेर पाहत असते. रात्री आणि पावसाच्या सरीत ती त्यांना पंखांखाली घेते. शुभवर्तमानात येशूने यरुशलेमसाठी शोक करताना कोंबडीच्या पंखांची जी उपमा वापरली, तिचा अर्थ असे पंख पाहिल्यावर अधिक उमगतो.

संकट आले की तिचे दुसरे रूप दिसते. कुत्रे किंवा मुंगूस काठाने येऊ लागले तर ती एक तीव्र आवाज करते. पिले क्षणात गवतात विरून जातात. आणि ती स्वतः मात्र उघड्यावर येऊन, पंख मोडल्याचे सोंग करीत, पाण्यावर फडफडत दूर दूर जाते. हा घास सोपा असे वाटून वैरी तिच्यामागे लागतो. पुरेसे अंतर पडले की तिचा मोडका पंख एकाएकी बरा होतो आणि ती उडून जाते. तरीही सारी पिले वाचत नाहीत. वरून घार, पाण्याखालून मरळ, काठाने घोरपड आणि धिवड. आठांची पाच होतात, पाचांची तीन. उरलेली पिले साधारण दोन महिन्यांनी उडू लागतात. अंडी घालण्यापासून पिले उडेपर्यंत तीन महिने. म्हणजे आषाढापासून आश्विनापर्यंतचे सारे दिवस. पाऊस लांबला तर हे वेळापत्रकही लांबते.

पिलू आईच्या मागे का जाते, हा प्रश्न युरोपातील अभ्यासकांनाही पडला होता. १८७३ मध्ये डग्लस स्पाल्डिंग या इंग्रज अभ्यासकाने लिहिले की नुकते जन्मलेले कोंबडीचे पिलू जे हलताना दिसेल त्याच्यामागे जाते. १९३५ मध्ये ऑस्ट्रियाच्या कोनराड लोरेन्झ यांनी हा विषय विस्ताराने मांडला. हंसाच्या पिलांनी जन्मताच त्यांनाच पाहिले, तेव्हा ती त्यांच्याच मागे चालू लागली. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ चे नोबेल पारितोषिक लोरेन्झ यांना टिनबर्गन आणि फॉन फ्रिश यांच्यासमवेत मिळाले. पुढे अमेरिकेत गिल्बर्ट गॉट्लीब यांनी बदकांवर प्रयोग करून दाखवले की पिलाचे कान अंड्यातच जागे झालेले असतात, आणि तेथे ऐकू येणाऱ्या आवाजांवरच आईची हाक ओळखण्याची त्याची शक्ती घडते. डोळ्यांची ओळख नंतरची, कानांची आधीची.

या शोधाचा अर्धा भाग आपल्या खेड्यांतील बायकांना कधीचाच माहीत आहे. बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवण्याची रीत सर्वत्र आहे. एकवीस दिवसांत उरकणारी कोंबडी बदकाच्या अंड्यांवर अठ्ठावीस दिवस निमूट बसते. पिले निघतात आणि तिलाच आई मानून मागे फिरतात. मग एके दिवशी डबके दिसते, पिले सरळ पाण्यात शिरतात आणि कोंबडी काठावर सैरावैरा धावत ओरडू लागते. आई कोण हे पिलू जन्मल्यानंतर शिकते. पाण्याची ओढ मात्र ते घेऊनच येते. हे शास्त्र अंगणात घडत होते. ते कोणी लिहून ठेवले नाही, इतकेच.

आपल्या पाण्यावरील सर्वच बदकांची गृहव्यवस्था एकसारखी नाही. अडई नावाचे, शीळ घालणारे छोटे बदक झाडाच्या ढोलीत किंवा घारी-कावळ्यांच्या जुन्या घरट्यात अंडी घालते, आणि तेथे पिलांच्या संगोपनात बापही आईच्या बरोबरीने राबतो. उलट गवताळ रानातल्या तणमोराची पिले एकटी मादी वाढवते, तेही भर पावसाळ्यात. तणमोराचे नाव निघाले की फासेपारधी समाजाची आठवण होणे क्रमप्राप्त आहे. १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये गेला. त्याचा कलंक मात्र रेंगाळला. पाखराच्या वाटा, घरट्याची जागा, मादीचा आवाज यांचे ज्ञान या समाजाकडे होते आणि त्यालाच पुस्तकात जागा नव्हती. आज अकोला आणि वाशीम जिल्ह्यांच्या माळांवर याच समाजातील माणसे तणमोराच्या राखणीच्या कामात सहभागी होत आहेत. फासे लावणाऱ्याची नजर राखणदाराची झाली, हे परिवर्तन कोणत्याही राजकीय घटनेपेक्षा कमी महत्त्वाचे मानू नये.

आता या आईच्या घराकडे, म्हणजे पाण्याकडे वळू. पूर्व विदर्भात, भंडारा-चंद्रपूरकडे, मालगुजारांच्या काळातील असंख्य तलाव आहेत. वऱ्हाडची रीत निराळी. येथे रयतवारी, येथे कापूस-ज्वारी आणि येथे विहीर. त्यातही पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जाणारा खारपाणपट्टा असा की जमिनीखालचे पाणी खारट. त्यामुळे साठवलेल्या गोड्या पाण्याला या मुलखात सोन्याचे मोल. नरनाळा आणि गाविलगड या किल्ल्यांवरील तळी, नद्यांचे डोह, आणि मग इंग्रजी अमदानीत अमरावतीच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेले वडाळी आणि छत्री हे तलाव. अकोल्याजवळ, पातूरच्या रस्त्यावर, कापशीचा तलाव. स्वातंत्र्यानंतर धरणे झाली. अकोला शहराची तहान भागवणाऱ्या काटेपूर्णा प्रकल्पाच्या भोवती १९८८ मध्ये अभयारण्य घोषित झाले. मोर्शीजवळ अप्पर वर्धा धरणाचा विस्तीर्ण जलाशय पसरला. माणसाने स्वतःच्या तहानेसाठी पाणी अडवले, आणि नकळत पाखरांसाठी घरे बांधली.

परंतु बदकाच्या आईला नुसते पाणी पुरत नाही. तिला काठ लागतो. हळूहळू उतरत जाणारा, गवताचा, चिखलाचा, पावलाएवढ्या पाण्याचा काठ हेच तिचे बाळंतघर आणि हीच तिच्या पिलांची शाळा. आज पाण्याचे साठे वाढले आहेत. काठ मात्र कमी होत आहेत. शहरातील तलावांचे सुशोभीकरण म्हणून गवत काढून उभ्या दगडी भिंती बांधल्या जातात. शेततळ्यांना प्लास्टिकचे अस्तर घालतात. त्याच्या निसरड्या उतारावरून पिलाला वर चढता येत नाही. जलाशय आटू लागले की उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत नांगर जातो, आणि गवताला पुन्हा रुजायला उसंत मिळत नाही. शेतकऱ्याला शेततळे हवे आहे, नागरिकाला फिरायची जागा हवी आहे. यात कोणाचे चुकते असे नाही. पण भिंत बांधताना एक बाजू मातीची, उताराची आणि गवताची ठेवावी, शेततळ्यात एखादी दोरीची जाळी किंवा फळी तिरकी सोडावी, हे काही फार खर्चाचे काम नव्हे. त्यासाठी प्रथम ती आई कोणाला तरी दिसलेली असावी लागते.

कायद्याने या आईची दखल केव्हा घेतली? जुन्या करारातील अनुवादाच्या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायात, एक लहानसा नियम आहे. वाटेत झाडावर किंवा जमिनीवर पक्ष्याचे घरटे आढळले आणि आई अंड्यांवर वा पिलांवर बसलेली असली, तर आईला पिलांसह धरू नये, तिला जाऊ द्यावे, असा त्याचा आशय. झाडावर किंवा जमिनीवर, म्हणजे अडईही आली आणि हळदी-कुंकूही आले. आईवडिलांचा मान राखणाऱ्याला जे दीर्घायुष्याचे आश्वासन, तेच हा नियम पाळणाऱ्यालाही दिलेले आहे. आपल्या देशात १८८७ मध्ये पहिला पक्षिसंरक्षण कायदा झाला. त्याने नगरपालिका आणि छावण्यांच्या हद्दीत विणीच्या काळातील पक्ष्यांच्या विक्रीवर बंधने आणण्याची सोय केली. १९१२ च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना शिकारबंदीचा काळ ठरवण्याचा अधिकार मिळाला. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून हौसेखातर करावयाची शिकारही थांबली. बंदुकीचे भय गेले. पण ज्या कायद्याने आईला गोळीपासून वाचवले, तो तिच्या गवताला वाचवू शकलेला नाही.

मराठी वाचकाला रानाकडे पाहण्याची सवय लावणारे मोठे नाव म्हणजे मारुती चितमपल्ली. वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा रानांत त्यांची हयात गेली. पाखरांची नावे त्यांनी पुस्तकांइतकीच आदिवासी, ढीवर आणि गुराखी यांच्या तोंडून गोळा केली आणि ‘पक्षिकोशा’त आणून ठेवली. म्हणजे ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्यांचे ज्ञान अखेर लेखणीत उतरले. १८ जून २०२५ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले. ५ नोव्हेंबर ही त्यांची जन्मतिथी आणि १२ नोव्हेंबर ही सालिम अलींची; या दोन तिथींमधला आठवडा महाराष्ट्र शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा करण्याचे ठरवले. ही योजना उत्तमच आहे. केवळ एक गोष्ट नजरेआड होऊ नये: तो आठवडा दिवाळीच्या आसपास येतो. पाहुणे थवे तळ्यावर उतरू लागलेले असतात, वाटा वाळलेल्या असतात, आणि हळदी-कुंकू बदकाची पिले उडून गेलेली असतात. दीडशे वर्षांपूर्वी साहेबाची फिरती निघे तोच हा ऋतू. आपल्या हाती बंदूक नाही, दुर्बीण आहे. वेळ मात्र अजून तीच आहे.

म्हणून श्रावण-भाद्रपदातही तळ्याकडे जावयास हवे. रस्ते आता पक्के झाले आहेत. चिखलाची सबब उरलेली नाही. घरातील मुलांना सोबत घ्यावे, काठापासून दूर, एकाच जागी, अर्धा तास न बोलता बसावे. गवतात शिरून घरटे शोधू नये. आई एकदा बिथरली की अंडी थंड पडतात. पिलांना पाव किंवा फरसाण टाकू नये. त्यांचा घास पाण्यात आहे. वहीत तारीख लिहावी, तळ्याचे नाव लिहावे, पिले किती ते लिहावे. आठ दिवसांनी पुन्हा जावे आणि पुन्हा मोजावे. किती उरली आणि काठावर काय बदलले, हे सलग पाच-दहा पावसाळे कोणी नोंदवले तर तो त्या तळ्याचा इतिहासच होईल.

असे लिहून ठेवण्याची परंपरा या मातीला नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवल्या. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्यांच्याकडे ते स्वतः गेले, विचारले, पडताळले आणि मग लिहिले. पारध्यांच्या कुत्र्यांपुढून पळत आलेल्या सशाला स्वामींनी दिलेल्या आश्रयाची आठवणही त्यामुळेच आपल्यापर्यंत आली. ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ असा पाहणाऱ्यांच्या साक्षीतून उभा राहिला आहे. तळ्याकाठच्या आईचे साक्षीदार आजही आहेत. भोयी आहे, गुराखी आहे, तळ्याशेजारी शेत असलेला शेतकरी आहे. त्यांच्यापाशी बसून कोणत्या साली किती पिले पाहिली, एवढे विचारून ठेवले तरी गेल्या पन्नास वर्षांची काही पाने भरून निघतील. ही माणसे वयाने थकत चालली आहेत. विचारायचे तर ते येत्या पावसाळ्याआधीच विचारावे.